माळावर खड्डे खणण्याआधी : झाडं लावायला निघणाऱ्या मुंबईकरांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या कंपन्यांचे सीएसआर (समाजकार्याचा खर्च बघणारे) विभाग, आणि दर पावसाळ्यात वृक्षारोपणाला निघणाऱ्या सर्व संस्था, मंडळं व स्वयंसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदा किती रोपं लावायची, कुठल्या तालुक्यात लावायची, बसगाड्या किती लागतील, पाहुणे कोण बोलवायचे, हे सगळं तुमच्याकडे साधारण फेब्रुवारीतच ठरायला लागतं. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे. पावसाळ्यात लिहून काही उपयोग नाही. ज्या नुकसानीबद्दल मला बोलायचं आहे, ते पहिला पाऊस पडायच्या आत होऊन गेलेलं असतं.

विनंती एकच आहे. उघडा माळ दिसला, त्यावर गवत आहे आणि झाड नाही, एवढ्यावरून तो तुमच्या रोपांची वाट बघत पडला आहे असं धरू नका. खड्ड्यांची वर्क ऑर्डर काढण्याआधी तिथे कोण राहतं ते बघा. आणि तो मूळचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा माळ असेल तर तिथे झाडं लावूच नका.

तिथे राहणाऱ्यांपैकी एकीची ओळख करून देते. टिटवी तुम्ही पाहिली नसेल, तरी ऐकलेली नक्की आहे. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांवर, कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात, आरेच्या गवतात, उरण-पनवेलकडच्या भराव घातलेल्या प्लॉटवर, आणि कधी रात्री अकरा वाजता सोसायटीमागच्या मोकळ्या जागेतून एकदम जो कर्कश पुकारा उठतो, तो तिचा. डोकं आणि छाती काळी, डोळ्यापासून मानेवरून खाली उतरलेला पांढरा पट्टा, डोळ्यापुढे लाल मांसल गाठ, लांब पिवळे पाय. पुष्कळ घरांत तिचं रात्रीचं ओरडणं अशुभ मानतात. ती ओरडते, कारण अंधारात कुत्रा, मुंगूस किंवा माणूस तिच्याकडे चालत येत असतो आणि तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात.

तिची एक बहीण आहे, माळटिटवी. तिला मात्र मुंबईत फार थोड्यांनी पाहिलं असेल. वाळक्या गवताच्या रंगाची पाठ, डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी कड, आणि डोळ्यापुढे लाल गाठीच्या जागी पिवळी. चिखलात चोच घालून पोट भरणाऱ्या तुतवार-चिखल्यांच्या गणगोतातली असूनही हिला पाण्याचं फारसं वेड नाही. साधी टिटवी तळ्या-ओढ्यांच्या आसपास रमते, तर माळटिटवी कोरड्या, दगडगोट्यांच्या, खुरट्या गवताच्या माळावर. भारतीय उपखंड हाच तिचा सगळा मुलूख, इतरत्र ती अपवादानेच दिसते. एवढ्या मोठ्या जगात तिने राहायला जी जमीन निवडली, ती तुमच्या प्रस्तावांत 'उजाड टेकडी' म्हणून लिहिलेली असते.

तिचं घरटं कसं असतं ते सांगते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. छातीने आणि पायांनी मुरूम बाजूला सारून केलेला एक उथळ खळगा, त्याच्या कडेला थोडे खडे, कधी शेळीच्या लेंड्या. बस्स. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. रंग मातकट, वर काळसर ठिपके. दोन हातांवर उभं राहूनही खडे कुठले आणि अंडी कुठली ते ओळखता येत नाही. विणीचा हंगाम मार्चच्या सुमाराला सुरू होतो आणि पावसापर्यंत चालतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. साधारण चार आठवडे नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर असतात. मे महिन्याच्या दुपारी त्या बसण्यात ऊब देण्याचा प्रश्नच नसतो. जमीन इतकी तापलेली असते की अंडी उघडी राहिली तर आतला जीव जातो. म्हणून ती अंगाची सावली धरून अंड्यांवर उभी राहतात. जवळपास पाण्याचं डबकं असेल तर एक जण तिथे जाऊन पोटाची पिसं चिंब भिजवतो आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. भर उन्हात, पुन्हा पुन्हा. दोन्ही जातींच्या टिटव्या हे करतात. दुर्बिणीतून पहिल्यांदा हे बघणारा माणूस बराच वेळ काही बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

पिल्लं बाहेर पडली की अंग वाळेपर्यंतच खळग्यात थांबतात. मग आईबापांच्या मागे चालू लागतात आणि आपला किडा आपणच टिपतात. आईने इशारा दिला की असतील तिथे जमिनीला चिकटून निपचित पडतात.

झाडावर किंवा बिळात घर नसलेल्या या पक्ष्याचं रक्षण कशाने होतं? लांबवर दिसण्याने. माळावर बसलेल्या टिटवीला चहूबाजूंनी नजर टाकता यावी लागते. कुत्रा किंवा कोल्हा दूर असतानाच ती अंड्यांवरून गुपचूप उठते, खाली मान घालून बरीच लांब चालत जाते आणि तिथून ओरडायला लागते. बघणाऱ्याला वाटतं घरटं तिकडे आहे. कधी पंख मोडल्याचं सोंग करून फरपटत शत्रूला दूर नेते. कधी जिथे अंडी नाहीत तिथेच अंड्यांवर बसल्यासारखी बसून राहते. गाय-म्हैस चरत चरत अगदी जवळ आली, तर मात्र जागा सोडत नाही, पंख पसरून तिच्यासमोर उभी राहते, आणि गुरं बहुधा बाजूने निघून जातात. जेसीबी बाजूने जात नाही.

आता तुमच्या कामाचं वेळापत्रक बघा. रोपं जून-जुलैत लागतात, पण खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून ठेवतात, म्हणजे ते उन्हात तापतात आणि पहिल्या पावसाला तयार असतात. शेतीच्या दृष्टीने ही पद्धत बरोबर आहे. उतार असेल तर पाणी अडवायला सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले लांब खंदक मारतात, तेही उन्हाळ्यातच आणि आता बहुतेक ठिकाणी यंत्राने. याचा अर्थ स्वयंसेवकांची बस मुंबईहून निघते तेव्हा माळावरची वीण आधीच उधळून गेलेली असते. रोप हातात घेतलेल्या मुलीला याची कल्पनाही नसते. तिचा दोष मुळीच नाही. दोष असलाच तर फेब्रुवारीतल्या त्या बैठकीचा, जिथे जागेचा फोटो पडद्यावर दिसतो आणि त्या फोटोत कोणाला काहीच दिसत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या एका माळावर काही वर्षांपूर्वी हे मी समोर पाहिलं. मे महिना होता आणि मुंबईतल्या एका कंपनीच्या पैशांतून चर खणणं चाललं होतं. माळटिटव्यांची एक जोडी यंत्रावर झेप घेत होती आणि बाजूला उतरून पुन्हा उठत होती. मुकादम भला माणूस होता. आम्ही अंडी दाखवल्यावर त्याने चराची ओळ थोडी सरकवली, घरट्याभोवती चुन्याची खूण केली आणि आपल्या माणसांना तिकडे जाऊ नका म्हणून सांगितलं. पण यंत्र दिवसभर तिथेच वावरत होतं, माणसं येत-जात होती, आणि ती दोघं अंड्यांवर टेकूच शकली नाहीत. कोणीही पाय न देता ती अंडी उन्हाने संपली. पुढे त्या माळावर उंदीरमारी फोफावली. तिलाच गिरिपुष्पही म्हणतात, लवकर वाढते आणि गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून वृक्षारोपणवाल्यांची लाडकी. त्या जागेचा हिरवागार फोटो कंपनीच्या अहवालात छान दिसत असेल. तिथे आता माळटिटवी नाही, आणि चंडोल, धाविक हे माळावरचे दुसरे पक्षीही नाहीत.

एक वीण बुडाली तर टिटवी पुन्हा अंडी घालते. तेवढी ती चिवट आहे. पण माळच गेला तर दुसरी संधी कुठली? झाडांच्या रांगांमुळे तिची लांबची नजर अडते. फांद्यांवर कावळे येऊन बसतात आणि खालचा खळगा त्यांना वरून दिसतो. तारेचं कुंपण घातलं की शेळ्या-मेंढ्या बंद होतात, गवत कंबरभर वाढतं, आणि त्या गवतात मुंगूस कधी आलं ते अंड्यांवर बसलेलीला कळत नाही. तिला खुरटं गवत लागतं आणि ते खुरटं ठेवतात चरणारी जनावरं. धनगराचा कळप आणि माळटिटवी यांचं हे जमून आलेलं गणित फार जुनं आहे.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश, म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिका येते, तर तिथलंच उदाहरण घ्या. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या सव्हानांत एक टिटवी आहे, काळ्या टोपीभोवती पांढरं कडं असलेली, जणू मुकुट घातलेली. तिलाही आखूड गवत लागतं, चरून संपलेलं किंवा वणव्याने जळून गेलेलं. गवत उंच झालं की ती जागा सोडून जाते. तीसुद्धा जमिनीवरच, उघड्यावर अंडी घालते आणि दक्षिणेकडे तिची वीण कोरड्या दिवसांत, पाऊस सुरू होण्याच्या आधी भरात असते. खंड वेगळे, जनावरं वेगळी, पण मोकळ्या जमिनीवर जगायची रीत तीच. आफ्रिकेतल्या त्या माळांवर कोणी झाडं लावून त्यांचं रान करायला निघालं तर आपल्याला ते चमत्कारिक वाटेल. मग सासवड, सुपे, इंदापूर, फलटण, माण, सोलापूर इथल्या माळांवर तेच करताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं : 'पण इथे पूर्वी जंगलच असणार, माणसाने तोडलं म्हणून माळ झाला.' सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात, हे खरं नाही. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यासाठी जुनं मराठी साहित्यच साक्षीला काढलं. संतांची चरित्रं, लोकगीतं, देवदेवतांच्या कथा आणि ओव्या यांत पश्चिम महाराष्ट्राच्या कुठल्या जागी कुठली झाडं आणि कसं गवत वर्णिलेलं आहे ते त्यांनी तपासलं. निघालं ते असं की हे माळ निदान ७५० वर्षं तरी माळच आहेत. काटेरी, विरळ झाडं आणि मधे पसरलेलं गवत. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातही तिथला धनगर अशाच गवतावर मेंढरं चारत होता. मला तर त्या पक्ष्याकडे बघूनही हेच वाटतं. अंड्याचा रंग, बसण्याची तऱ्हा, शत्रूला फसवण्याच्या युक्त्या, सगळं ज्याचं उघड्या जमिनीसाठी घडलेलं आहे, असा पक्षी कालपरवा तोडलेल्या जंगलातून येत नाही.

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या परिसंस्थांच्या अभ्यासकांनी भारतातल्या अशा निमशुष्क, मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा तयार केला आहे. देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा या जमिनींचा भरतो. पण सरकारी नकाशांत त्यांतल्या बऱ्याच जमिनींची नोंद पडीक म्हणून होते आणि संरक्षित क्षेत्रांत त्यांचा वाटा अगदीच किरकोळ आहे. जंगलाला अभयारण्य मिळतं, पाणथळीला रामसरची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून, पाटी मिळते. आपल्या ठाणे खाडीला ती २०२२ साली मिळाली आणि आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. माळाला मात्र सौरऊर्जेचं पटांगण, एमआयडीसीचा प्लॉट किंवा वृक्षारोपण, यांपैकी काहीतरी मिळतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचं अभयारण्य १९७९ साली झालं, आणि आज तिथे माळढोक दिसणं जवळपास संपल्यात जमा आहे. टिटवी अजून संख्येने पुष्कळ आहे, साधी टिटवी तर नक्कीच. पण ज्या पक्ष्यांचं आपण शेवटच्या टप्प्यावर रडगाणं गातो, ते सगळे कधीतरी पुष्कळच होते.

झाडं लावण्याची ही घाई कुठून आली तेही मला ठाऊक आहे. राज्यात २०१६ च्या १ जुलैला एका दिवसात दोन कोटी रोपांची मोहीम झाली, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी. एवढ्या रोपांना जागा कुठे मिळणार? जिथे शेत नाही, घर नाही आणि आधीचं झाड नाही तिथेच. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात, आणि रोपांचा आकडा दाखवायला सोपा असतो. शिवाय शहरातल्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून तोडलेल्या झाडाचं वय जेवढी वर्षं, तेवढी रोपं लावायची. हेतू चांगला आहे. पण मुंबईत तोडलेल्या झाडांची भरपाई मुंबईत करायला जागा उरलेली नाही, म्हणून ती रोपं गाडीत बसून बाहेर निघतात. इथल्या पिंपळाची भरपाई शेवटी कुठल्यातरी टिटवीच्या अंगणात होते.

'पण कार्बनचं काय?' असं तुमच्यातल्या हवामान विषय हाताळणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी मला विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. गवताळ माळावरचा कार्बन मुख्यत्वे जमिनीखाली असतो, मुळांच्या जाळ्यात आणि मातीत. वणवा लागला, गवत जळालं, तरी खालचा साठा बराचसा टिकतो आणि पुढच्या पावसात गवत परत येतं. चर मारून ती माती उलथली की साठा उघडा पडतो. वर लावलेली रोपं पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात टँकरशिवाय जगत नाहीत, आणि टँकर दुसऱ्या उन्हाळ्यानंतर येईनासा होतो. हे तुम्हीही जाणता. तिसऱ्या वर्षी जाऊन मोजणी करणारे फारच थोडे आहेत, जे करतात त्यांचा मला आदर आहे.

आता मुंबईजवळच्या जागांबद्दल. इथे मला सरसकट बोलायचं नाही, कारण ते खरं होणार नाही. ठाणे-रायगडात पाऊस भरपूर. इथल्या पुष्कळ उघड्या टेकड्या खरोखरच तोडीने आणि दरवर्षीच्या वणव्यांनी उघड्या झालेल्या आहेत. तिथे ऐन, कुंभा, काटेसावर, बहावा, पांगारा परत आणायचं काम करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, उलट त्यांच्याबरोबर घमेली उचलेन. पण त्याच जिल्ह्यांत कातळाचे सडे आहेत, गवत कापायच्या वरकस जमिनी आहेत, खाडीकाठचे उघडे पट्टे आणि मिठागरांचे बांध आहेत. सड्यावर मातीचा थर बोटभर असतो. पावसाळ्यात त्यावर रानफुलांचे गालिचे पसरतात आणि उन्हाळ्यात तिथे टिटव्या अंडी घालतात. सुरुंग लावून किंवा बाहेरून माती आणून अशा कातळावर झाड उभं करणं हे निसर्गाचं काम नव्हे. मिठागरांच्या बाबतीत तर माझी कळकळीची विनंती आहे की 'सुशोभीकरण' म्हणून तिथे रोपांच्या रांगा लावू नका. त्या जागांवर घरं बांधायचं घाटतं आहे ते वेगळंच संकट, त्यावर मुलुंडकर आपापल्या परीने बोलत आहेत.

कायद्याचाही विचार करा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरट्यांना धक्का लावणं हेही त्यात येतं. तुमच्या कंत्राटदाराला हे कोणी सांगितलेलं नसतं आणि त्याच्या करारात तसं कलमही नसतं. एक कलम घालायला काय लागतं? मार्च ते जुलै या काळात मोकळ्या जमिनीवर खोदकाम करण्याआधी पक्ष्यांची पाहणी, आणि घरटी सापडली तर त्या तुकड्यात वीण संपेपर्यंत काम बंद. विमानतळाच्या धावपट्टीपासून मेट्रोच्या खांबापर्यंत सगळ्याची पाहणी करणाऱ्या या शहराला एवढी पाहणी जड नाही.

गावातले लोक हे न शिकवता करतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खोलगटात घातली तर कमी, चार अंडी असली तर चार महिने पाऊस, असे आडाखे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. हे आडाखे खरे ठरतात असं मी म्हणणार नाही. पण त्या निमित्ताने शेतकरी अंडी बघून ठेवतो, आणि अंड्यांभोवतीची जमीन सोडून औत पुढे नेणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या प्रकल्पाच्या गावात पहिली चौकशी सरपंचाच्या कार्यालयात न करता माळावर शेळ्या घेऊन जाणाऱ्या बाईकडे करा. कुठे टिटव्या बसतात, कुठे ससे असतात, कुठलं गवत कधी कापतात, हे ती दहा मिनिटांत सांगेल. आणि कुंपण घातल्यावर तिने शेळ्या कुठे न्यायच्या, तेही तिलाच विचारा. या प्रश्नाचं उत्तर आजवर मी पाहिलेल्या एकाही प्रस्तावात नव्हतं.

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा, जरूर लावा. मुंबईला झाडं हवीत, आणि ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांना तर आधी हवीत. रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधे पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटमध्ये गळ्यापर्यंत रुतलेले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्याकडे शेकडो झाडं उन्मळून पडली, त्यांतल्या कितींची मुळं अशी कोंडलेली होती हे रस्त्यावर आडव्या पडलेल्या बुंध्यांकडे बघूनच कळत होतं. तुमच्या पन्नास स्वयंसेवकांनी एका शनिवारी शंभर जुन्या झाडांचे बुंधे मोकळे केले, तर ती शंभर मोठी झाडं वाचतील. शाळांच्या मैदानांच्या कडेला, म्हाडाच्या वसाहतींत, रुग्णालयांच्या आवारात, झोपडपट्टीच्या गल्लीच्या तोंडाशी झाड लावणं आणि पाच वर्षं त्याला पाणी घालणं हे डोंगरावर पाच हजार रोपं टोचून येण्यापेक्षा अवघड आहे. म्हणूनच ते कोणी करत नाही, आणि म्हणूनच ते तुम्ही करायला हवं. तुमच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तुमचा फोन उचलला जातो.

आणि माळासाठी काही करायची इच्छा असेल, तर माळाला माळ म्हणून मदत करा. आक्रमण करणारी वेडी बाभूळ आणि उंदीरमारी काढायला मजुरी लागते. पवना, मारवेल अशी चांगली गवतं परत आणायला बी लागतं. धनगरांचे चराईचे हक्क टिकवायला वकील लागतो. माळावरच्या पक्ष्यांची दरवर्षी शिस्तीने मोजणी करायला दोन शिकलेली मुलं आणि एक मोटरसायकल लागते. यांतल्या कुठल्याच कामात टी-शर्ट घालून फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही हे मला कळतं. तरीही तुमच्या वार्षिक अहवालात 'अमुक एकर माळ राखला, एकही खड्डा खणला नाही' अशी एक ओळ मला वाचायची आहे. ती छापणारी पहिली कंपनी मुंबईची असावी अशी माझी इच्छा आहे.

टिटवीदेखील समुद्र आटविते, असं आपल्याकडे म्हणतात. अंडी नेणाऱ्या समुद्राशी चोचीएवढ्या पाण्याने भांडायला निघालेल्या टिटवीची ती गोष्ट. त्या गोष्टीत टिटवीच्या मदतीला शेवटी बाकीचे पक्षी आणि गरुड धावून येतात. इथे तुम्ही येणार का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता कामाचं. खड्ड्यांच्या वर्क ऑर्डर बहुतेक ठिकाणी मार्चअखेरीस निघतात. त्याआधी तुमच्या यादीतल्या जागांची नावं आणि गट क्रमांक तुमच्या संकेतस्थळावर जाहीर करा. मुंबई-ठाण्यातले आम्ही पक्षीनिरीक्षक आपसांत जागा वाटून घेऊ आणि तुमच्या माणसाबरोबर सकाळी उजाडताना तिथे हजर राहू. एका जागेला दोन सकाळी पुरतात, एक मार्चात आणि एक एप्रिलमध्ये. मानधन नको. जिथे माळटिटवी सापडेल त्या जागेचा नकाशा आम्ही करून देऊ, आणि तिथली रोपं कुठे हलवता येतील याची शहरातली यादीही देऊ. मुलुंड ते कांजूरमार्ग या पट्ट्यातल्या शाळा आणि वसाहतींची यादी माझ्याकडे आत्ताच तयार आहे.

कळावे,

आपली,
मुलुंडची एक पक्षीनिरीक्षक